दूध हिंदकळू द्यायचं नाही

गौरी बसायच्या आधीचे दहा दिवस माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अस्तराचे ब्लाउज, फॉल-पिको, कुणाला नऊवारी शिवून हवी, कुणाचा मागच्या वर्षीचा ब्लाउज यंदा होत नाही म्हणून उसवून द्यायचा. साताऱ्यात मंगळवार पेठेत मी तेवीस वर्षं शिवणकाम करतेय, आणि आमची सातारा हिल हाफ मॅरेथॉन नेमकी याच दिवसांच्या आगेमागे येते. यंदा तर गणपती आठवड्यावर आले होते. शनिवारी दुपारी चारला मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि पाटी लावली : 'उद्या दुकान बंद. सोमवारपासून सगळ्यांचं मिळेल.' बावीस ब्लाउज बाकी होते. एक काकू पाटी वाचूनही वाकून आत आल्या. "अगं, गौरी काय तुझ्या पळण्यासाठी थांबणारेत का?" म्हणाल्या. मग त्यांनी टेबलावर ठेवलेलं माझं बिब, म्हणजे पळताना छातीवर लावायचा नंबराचा कागद, पाहिलं, त्यावरचा नंबर मोठ्यानं वाचला, आणि म्हणाल्या, "माझं बुधवारी दे. चालेल मला."

या स्पर्धेबद्दल लोक लिहितात ते बहुतेक चढाबद्दल. यवतेश्वरचा घाट, धुकं, पाऊस, दम. सगळं खरं आहे. पण मला उताराबद्दल लिहायचंय, कारण पहिल्या वर्षी मला उतारानं मोडलं आणि दुसऱ्या वर्षी उतारानंच घरी आणलं. मधल्या वर्षात जे शिकले ते माझ्या ऐंशी वर्षांच्या वडिलांकडून.

ज्यांनी ही स्पर्धा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०१२ साली ती सुरू झाली. अंतर अर्ध्या मॅरेथॉनचं, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडं. पोलीस परेड मैदानावरून निघायचं, पोवई नाका, शाहू चौक, अदालत वाडा, समर्थ मंदिर असं शहरातून जायचं. हा शहरातला रस्तासुद्धा सपाट नाही, गाडीवर बसून कळत नाही पण पायांना कळतं. समर्थ मंदिराच्या पुढे घाट लागतो. घाट चढून यवतेश्वर, तिथून कासच्या रस्त्यानं पठारावर थोडं पुढे, आणि मग वळून त्याच वाटेनं परत. म्हणजे निम्मी शर्यत वर आणि निम्मी खाली. २०१५ साली एकाच डोंगरावर सर्वांत जास्त लोक धावल्याचा गिनीज विक्रम या स्पर्धेच्या नावावर झाला. त्या सकाळी मी समर्थ मंदिराच्या चौकात बघ्यांमध्ये उभी होते, हातात भाजीची पिशवी. लोंढा संपेचना. घरी येऊन ह्यांना सांगितलं, "आपल्या घाटात जत्रा भरलीय." आपण कधी त्यात असू हे तेव्हा मनातसुद्धा नव्हतं.

मी पळायला लागले सत्तेचाळिसाव्या वर्षी. दिवसाचे दहा-अकरा तास मशीनवर बसून. मशीनला मोटर बसवल्यापासून पायांना पायट्याचीही हालचाल राहिली नाही. रक्तातली साखर काठावर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालायला लागा. मी 'चार भिंती' नावाची आमची टेकडीवरची जागा आहे, तिथपर्यंत चालायला लागले. पहाटे साडेपाचला तिथे निम्मं सातारा भेटतं. पुढे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं वरपर्यंत जाऊ लागले. तिथे पळणाऱ्या बायकांचा एक गट होता. त्यात एक फिजिओथेरपिस्ट ताई, दोन शिक्षिका, एक ज्यांच्या नातवाचं बारसं नुकतंच झालेलं अशा आजी. त्यांनी मला दोन महिने नुसतं बघितलं आणि मग एक दिवस विचारलं, "येताय का आमच्याबरोबर, सावकाश?" त्या 'सावकाश' शब्दावर मी गेले. पुढच्या वर्षी मुलीनं पुण्यातून फॉर्म भरला आणि मला नंतर सांगितलं.

पहिल्या वर्षीचं फार लांबवत नाही. चढ मी छान चढले. चढ माझ्या रक्तात आहे असं मला वाटायचं, आणि त्यात खोटं काही नाही. माझं माहेर यवतेश्वरच्या पुढे, कासच्या रस्त्यावरून खाली उतरून. लहानपणी तो डोंगर मी किती वेळा चढले त्याला गणती नाही. त्यामुळे घाटात शहरातली तरणीताठी पोरं कमरेवर हात ठेवून थांबलेली आणि मी हळूहळू त्यांच्या बाजूनं वर. वळसा घेऊन परत निघाले तेव्हा घड्याळात वेळ चांगली होती आणि पुढे नुसता उतार. मी पाय सोडून दिले. उतारावर पाय आपोआप पळतात, लांब लांब टांगा पडतात, वारा तोंडावर येतो, दमही लागत नाही. वाटलं, आता काय, झालंच.

समर्थ मंदिरापाशी सपाटीसारखा रस्ता आला आणि माझे पाय संपले. दम होता, पण मांड्या थरथरायला लागल्या. गुडघ्याच्या वर कुणीतरी चिमटा घेऊन धरल्यासारखं. दोन वेळा बसले. शेवटचे तीन किलोमीटर चालत, लंगडत काढले आणि तीन तास चार मिनिटांनी मैदानात पोचले. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. मी कठडा धरून, उलटी होऊन, पाठमोरी एकेक पायरी उतरत होते. तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि दिवाळीत गळून गेलं.

फिजिओ ताईंनी समजावून सांगितलं ते मला कायमचं पटलं. चढताना मांडीचा स्नायू आखडत जातो आणि शरीर वर ढकलतो. त्यात दम लागतो, पण स्नायूला फारशी इजा होत नाही. उतरताना तोच स्नायू ब्रेकचं काम करतो. म्हणजे तो एकीकडे लांब होत असतो आणि त्याच वेळी अंगाचं वजन धरून ठेवत असतो. त्यात त्याचे बारीक बारीक तंतू फाटतात. दुखणं लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जातं. टांग जितकी लांब, तितका पाय शरीराच्या पुढे पडतो, टाच आदळते आणि ब्रेक जोरात लागतो. मी शिंपीण आहे, मला हे लगेच समजलं. कापड ताणून धरून शिवलं की टाके तेव्हा दिसायला सरळ दिसतात, घरी जाऊन अंगात घातलं की उसवतात.

ताईंनी व्यायाम दिले, पायरीवरून हळू उतरण्याचे, भिंतीला पाठ लावून बसण्याचे. ते मी मनापासून केले. पण उतरायचं कसं, हे मला आबांनी शिकवलं.

गणपतीला माहेरी गेले होते. ओट्याच्या दोन पायऱ्या उतरताना माझा चेहरा झाला असेल तसा. आबा खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "चढाला दुखलं का उताराला?"

"उताराला, आबा."

"मग पळलीस आसशील घोड्यावानी."

आणि मग ते दुधाबद्दल बोलायला लागले. हे मला अर्धवट माहीत होतं, नीट कधी विचारलं नव्हतं. मी लहान असताना आमच्याकडे चार म्हशी होत्या. पहाटे तीनला धारा काढायच्या आणि आबा खांद्यावर कावड घेऊन साताऱ्याला रतीब घालायला निघायचे. कावडीच्या दोन्ही टोकांना दुधाच्या किटल्या, झाकणाखाली ओलं फडकं दाबलेलं. पायवाटेनं डोंगर उतरायचा, उजाडायच्या आत पेठांमध्ये पोचायचं, घरोघर मापानं दूध घालायचं आणि रिकाम्या किटल्या घेऊन परत चढायचं. पावसाळ्यात डोक्यावर इरलं, हातात कंदील. मी आजवर धरून चाललेले की आबांचे कष्ट म्हणजे तो चढ. ते म्हणाले, "चढाला काय? किटल्या रिकाम्या. दम लागला तर बसावं. उताराला दूध आसायचं."

म्हणजे त्यांची सगळी काळजी उताराची होती. पाय घसरला तर दिवसाची कमाई मातीत, आणि घसरला नाही तरी दूध हिंदकळलं की झाकणातून गळतं, घरोघर मापात कमी पडतं. म्हणून ते उतरायचे त्याची एक रीत होती. ती त्यांनी मला अंगणात उठून दाखवली. मी नको नको म्हणत होते, पण ते उठले. गुडघे जरा वाकलेले, कधीच पुरते ताठ नाहीत. पाऊल लहान, अगदी वीतभर पुढे, पण भराभर. टाच रोवायची नाही, सगळा तळवा एकदम टेकवायचा आणि लगेच उचलायचा. अंग मागे टाकायचं नाही. "मागं रेललं की पाय पुढं सुटतुया," ते म्हणाले. "खांद्यावरचं खांद्यावरच ऱ्हायलं पायजे. दूध हिंदकळू द्यायचं न्हाय. बास."

ऐंशी वर्षांचा माणूस अंगणाच्या उतारावर अशी दहा पावलं गेला, खांद्यावर नसलेली कावड एका हातानं धरून. तो हात जिथे होता तिथेच राहिला, तसूभर वरखाली झाला नाही. मी पुढे डोंगरात धावणाऱ्यांचे व्हिडिओ मुलीच्या मोबाइलवर बघितले. मोठे धावपटू उतारावर हेच करतात. लहान पावलं, जलद ताल, पाय अंगाच्या बरोबर खाली.

मग वर्षभर मी तेच केलं. चढ रविवारी, गटाबरोबर. उतार मात्र मी एकटीनं शिकले, बुधवारी पहाटे, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर. आधी नुसतं चालत. मग जरा वेगानं. पावलं मोजायला मला माझं मशीनच उपयोगी पडलं. बारीक टाक्यावर मशीन लावलं की सुई जशी टकटक जाते, तो ताल डोक्यात धरायचा. लांब टाका आला की समजायचं, आपण वाहवत चाललोय. पावसाळ्यात शेवाळ धरतं, तेव्हा रस्त्याची कड सोडून मधून उतरायचं. बुटाची लेस वरच्या भोकापर्यंत घट्ट बांधायची म्हणजे पाय पुढे सरकून अंगठा आपटत नाही. नखं आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधी कापायची. मोजे जाड नकोत, पावसात जड होतात. काखेत आणि पट्ट्यांखाली व्हॅसलीन भरपूर, नाहीतर ओलं कापड कातडी सोलून काढतं. कुडत्याला मी आतून दोन छोटे खिसे शिवले, एकात खडीसाखर, एकात मीठ लावलेल्या आवळ्याच्या फोडी. आमच्या गटातल्या नऊ जणींना मी तसे खिसे शिवून दिले, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

यंदाची सकाळ. चारला उठले. बाहेर भुरभुर पाऊस. एक केळं, भाकरीचा तुकडा गुळाबरोबर, अर्धा कप चहा. पाणी बेतानं. मागच्या वेळी भीतीपोटी लिटरभर प्यायले होते. ह्यांनी गाडीवरून मैदानाच्या अलीकडे सोडलं. मैदानात लाऊडस्पीकर, पोरापोरींचं नाचत वॉर्म-अप, ओल्या गवताचा वास, वेदनाशामक मलमाचा वास. कोल्हापूर, पुणे, मुंबईकडून आलेली माणसं, आणि आपली पेठेतली. माझ्या मागे एक निवृत्त फौजी होते. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत फौजेतली माणसं, त्यामुळे या स्पर्धेत फौजी भेटणारच. ते म्हणाले, "ताई, पहिले तीन किलोमीटर कुणाच्या मागं जाऊ नका. हितं सगळे राजे असतात."

शहरातनं जाताना मला सर्वांत जास्त आवडतं. पोवई नाक्यावर हलगी होती. शाहू चौकाच्या पुढे शाळेच्या मुली लेझीम खेळत होत्या, भिजून चिंब, तरी ताल सुटत नव्हता. गॅलरीतून बायका टाळ्या वाजवत होत्या आणि त्यातल्या निम्म्या माझ्या गिऱ्हाईक. "ओ टेलरताई, माझा ब्लाउज झाला का?" असं एकीनं वरून विचारलं आणि माझ्या आजूबाजूचे सगळे हसले. मी हात वर करून ओरडले, "मंगळवारी!" मोठ्या शहरातल्या शर्यती मी पळलेली नाही, तिथलं मला ठाऊक नाही. पण इथे मला प्रत्येक चौकात कुणीतरी नावानं हाक मारतं, आणि त्या हाकेचा जोर पायात उतरतो.

घाटात धुकं खाली आलेलं. दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. फक्त शेकडो बुटांचा ओल्या डांबरावरचा चपचप आवाज आणि श्वास. इथे माझ्या बाजूला एक मुलगी आली, वीस-एकवीसची, माण तालुक्यातली. पोलीस भरतीची तयारी करत होती. भरतीला मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, मग ही २१ किलोमीटर कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, "काकू, आमच्या तालुक्यातल्या ललिता बाबर ऑलिंपिकच्या फायनलला पळल्या. मला बघायचंय मी कुठवर जाते." मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या. पी. टी. उषांनंतर ३२ वर्षांनी एखादी भारतीय मुलगी धावण्याच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत पोचली होती. त्या संध्याकाळी मी दुकानातला टीव्ही लावला होता आणि तीन गिऱ्हाइकं मापं द्यायची विसरून उभी राहिली होती. हे मी तिला सांगितलं. तिच्या बुटांचे तळ गुळगुळीत झालेले होते. मी तिला म्हटलं, उतारावर कड सोडून चाल. ती 'हो' म्हणाली आणि धुक्यात पुढे निघून गेली.

यवतेश्वरच्या पुढे वारा लागतो. रस्ता डोंगराच्या पाठीवरून जातो, आणि धुकं फाटलं की एका बाजूला खाली कण्हेर धरणाचं पाणी दिसतं. कडेला तेरडा फुललेला, गुलाबी. आबा तिथे आमच्या गावच्या फाट्यावर बसलेले असणार हे ठरलेलं होतं. भावानं खुर्ची आणून ठेवलेली, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात काठी. मी थांबले. शर्यतीत थांबू नये म्हणतात, मी थांबले. पाया पडले. ते घाईघाईनं म्हणाले, "जा, जा. येताना थांबू नगंस. येताना भरल्याली आसतीस."

वळसा घेतला. खडीसाखर तोंडात टाकली. आणि उतार लागल्यावर मी पाय धरून ठेवले. हे फार कठीण आहे. अंग पळायला बघतं, बाजूनं माणसं भराभर खाली जातात, ज्यांना तुम्ही घाटात मागे टाकलं तीच हसत पुढे जातात. मी उजवा हात खांद्याशी नेला, खरोखर नेला, आबांनी नेला होता तसा. बारीक टाका. तळवा टेकव, उचल. गुडघा सैल. पुढच्या वळणावर एकजण घसरून पडलेला, कोपर फुटलेलं, स्वयंसेवक पोरं त्याच्याभोवती. दुसऱ्या वळणावर पुण्याचे एक नवरा-बायको, त्या कठड्याला धरून पोटऱ्या ताणत होत्या. मी विचारलं, टाच आपटतेय का? म्हणाल्या, हो. मी म्हटलं, पाऊल लहान करा, माझ्यामागून या. त्या खरंच आल्या, समर्थ मंदिरापर्यंत माझ्या पाठीवर नजर ठेवून. त्यांचे यजमान मागून मोजत होते, एक-दोन, एक-दोन.

त्याआधी, घाट लागायच्या अलीकडे, फाट्यावर आबा होते. थांबले नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघितलं. मग काठी वर केली.

समर्थ मंदिरापाशी मांडी एकदा फडफडली. मागच्या वर्षीची जागा आली म्हणून मीच घाबरले आणि दोन-तीन टांगा लांब पडल्या. लगेच आवळ्याची फोड चावली, ताल पुन्हा पकडला. शाहू चौकात लेझीम अजून चालू होतं. मैदानाच्या दारात ती माणची मुलगी गळ्यात मेडल घालून उभी होती, कोण जाणे किती वेळ, आणि शेवटचे दोनशे मीटर माझ्याबरोबर पळत आली. दोन तास एकेचाळीस मिनिटं. घाम आणि पाऊस यात मी रडतेय हे कुणाला कळलं नसेल, पण मी रडले.

सोमवारी जिना सरळ तोंडानं उतरले. दुखत होतं, पण कठडा धरावा लागला नाही. बुधवारपर्यंत बावीस ब्लाउज दिले, काकूंचा सगळ्यांत आधी. गौरी जेवल्याच्या दुसऱ्या दिवशी माहेरी गेले. आबांनी मेडल हातात घेऊन तोललं, उलटंपालटं केलं, भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं. त्यांना वेळ सांगितली तर त्यांना त्यात काही रस नव्हता.

"सांडलं का?" त्यांनी विचारलं.

"थोडं," मी म्हटलं. "समर्थ मंदिरापाशी."

"तिथं माझंबी सांडायचं," आबा म्हणाले.